ड्रॅगनचं भाडं

‘ह्यात खरंच पैसे आहेत का हो?’ हा प्रश्न मला नातेवाइकांच्या लग्नात विचारला जातो, बँकेत विचारला जातो आणि कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं तर फोन करकरून विचारतात. बुरुजाच्या आकाराचे पलंग, झाडाच्या ढोलीत बसवलेली अभ्यासाची टेबलं, ड्रॅगनच्या पंखाखाली बसायचे सोफे, गुहेसारखी हॉटेलं, एस्केप रूमसाठी जादूगाराच्या खोल्या हे माझं काम. पैसे आहेत, असंच मी सांगते. फक्त वस्तू बनवून विकण्यात ते फार थोडे आहेत. एकच वस्तू किती वेळा कमावते, ह्यावर सगळं ठरतं. हे वाक्य आज मी सहज लिहिते आहे, पण ते पटायला मला ह्या धंद्याची जवळजवळ सगळी दालनं फिरावी लागली.

मी आले ती गोरेगावच्या सेट्सवरून. सेटचं सुतारकाम हा वेगळाच प्रकार असतो. पाइनच्या चौकटीवर पातळ प्लाय, वर पीओपी, त्यावर रंगाचे हात. कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच बाजू पुरी करायची. मागे उघडी चौकट, खिळ्यांची टोकं आणि आधाराला टेकू. दाराला कडी असते, पण दार उघडत नाही. शूटिंग संपलं की दोन दिवसांत सगळं जमीनदोस्त. ह्या कामाने मला वेग शिकवला, आकाराची नजर दिली. टिकाऊपणाशी मात्र माझी ओळख झाली नव्हती. सेटवर जे चार आठवडे उभं राहतं ते उत्तम काम. घरात तेच चार आठवड्यांनी तक्रार होऊन परत येतं.

वसईला गाळा घेतला आणि मुलांच्या खोल्यांची कामं सुरू केली तेव्हा पहिला फरक हाच जाणवला. सेटवर नट भिंतीला टेकत नाही, त्याला तसं सांगून ठेवलेलं असतं. सात वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? तो बुरुजावर चढतो, पंखाला लोंबकळतो, ड्रॅगनच्या तोंडात बिस्किटं भरतो. त्यामुळे बाहेरून कितीही अद्भुत दिसलं तरी आत अठरा एमएमच्या प्लायचा साधा, भरभक्कम सांगाडाच लागतो. कडा गोल हव्यात, बोट किंवा डोकं अडकेल अशी फट कुठे नको, आणि गादी बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मापाची हवी. होडीच्या आकाराची गादी एकदा शिवून मिळते. ती बदलायची वेळ आली की गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करतं, आणि ते काम फुकटात व्हावं अशी त्याची रास्त अपेक्षा असते.

ड्रॅगनच्या खवल्यांचं सांगते. सुरुवातीला आम्ही ते सीएनसीवर एमडीएफमधून कापायचो आणि एकेक करून, कौलं बसवतात तसे, खालून वर चिकटवत जायचो. उजेड तिरपा पडला की अंग खरोखर जिवंत वाटायचं. पण प्रत्येक खवल्याच्या खाली एक बारीक खाच राहते, आणि मुंबईच्या हवेत ती महिन्याभरात भरते. ठाण्याच्या एका घरातल्या कामवाल्या मावशींनी ड्रॅगन पुसायचे वेगळे पैसे मागितले. बाईंनी मला ते हसत सांगितलं, पण मी त्यावर बराच विचार केला. माझ्या कुठल्याच कोटेशनमध्ये नसलेला एक खर्च त्या मावशींनी अचूक पकडला होता. नंतर आम्ही पद्धत बदलली. आधी मातीत मूळ आकार करायचा, त्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि साच्यातून फायबरची सलग कातडी ओतायची. खवल्यांची खोली निम्मी ठेवली, म्हणजे ओलं फडकं वरून खाली सरळ फिरतं. दिसण्यात दोन आणे कमी झाले असतील, टिकण्यात आठ आणे वाढले. शिवाय साचा हातात राहिला, हे सगळ्यात मोलाचं. त्याची किंमत पुढे कळली.

मुलांच्या खोल्यांचा दुसरा धडा वयाचा. आईबाप परीचा महाल मागतात तेव्हा मूल पाच-सहा वर्षांचं असतं. अकराव्या-बाराव्या वर्षी त्याच मुलीला मैत्रिणी घरी आल्या की लाज वाटायला लागते. मग फोन येतो, ‘महाल काढून नुसता पलंग ठेवता येईल का?’ एका घरात मला ह्यासाठी सबंध भिंत उचकटावी लागली असती. तेव्हापासून नियम केला: पलंग हा पलंगच करायचा, आणि महाल त्याला नट-बोल्टने बाहेरून लावायचा. बोल्ट काढले की खाली स्वच्छ, सरळ फर्निचर. हा बदल विकायला मात्र अवघड जातो. ‘पाच वर्षांनी हे नकोसं होईल’ असं ऑर्डर देणाऱ्या आईला आजच कसं सांगायचं? मी सांगते. काहीजणी नाराज होतात. ज्या थांबतात, त्या पाच वर्षांनी पुन्हा माझ्याकडेच येतात.

भाव काढणं हा ह्या धंद्यातला सगळ्यात बोचरा भाग. साधा सुतार वॉर्डरोबचा भाव चौरस फुटावर सांगतो आणि मोकळा होतो. ड्रॅगनला चौरस फूट नसतात. सामान, मजुरी, भाडं, वीज हे जोडता येतं. ‘अजून थोडं जादुई करा ना’ ह्या वाक्याचा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा? आमचे मिस्त्री गोरखपूरकडचे, मोजकं बोलणारे. एकदा रंग तिसऱ्यांदा बदलला तेव्हा ब्रश खाली ठेवून म्हणाले, ‘मॅडम, लकडी का दाम तो लिख लिया, मूड का दाम कौन लिखेगा?’ त्यानंतर मी कामाचे तीन टप्पे केले. हातभर लांबीचा रंगीत नमुना, त्यावर गिऱ्हाइकाची सही, आणि सहीनंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या बिलावर. निम्मी रक्कम आधी, आणि माल गाळ्यातून हलायच्या आत बाकीची जवळजवळ सगळी. फिटिंगनंतर द्यायचे पैसे बहुधा सवलतीतच जमा होतात. आणि हो, १८ टक्के जीएसटी आधी तोंडाने बोलून दाखवायचा, नाहीतर तोही आपल्याच खिशातून जातो.

एवढी शिस्त लावूनही एकेकाच्या मापाने बनवलेली वस्तू फार कमवून देत नव्हती. तिचं सगळं नवरीच्या शालूसारखं असतं: जीव ओतून बनवायचा, एकदा मिरवायचा, मग त्याला दुसरं अंग नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला नवी कल्पना हवी, नवं रेखाटन, नवा साचा. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला गीक चिक नावाची कंपनी बोर्डगेम खेळायची अशीच देखणी, महागडी टेबलं बनवायची. ह्या खेळांच्या शौकिनांत तिचा मोठा बोलबाला होता. २०१७ मध्ये ती बंद पडली. आतले हिशोब मला ठाऊक नाहीत, त्यामुळे कारण सांगत नाही. एवढं मात्र तेव्हा मनाशी नोंदवलं, की कौतुकाने गाळ्याचं भाडं भरलं जात नाही.

मग हॉटेलांची कामं आली. गुहा, समुद्री चाच्यांचं जहाज, जादूगारांची शाळा. मालक मोठ्या हौसेचे असतात, आणि पहिले तीन महिने बाहेर रांग लागते. लोक येतात, फोटो काढतात, फोटो बघून आणखी लोक येतात. चौथ्या महिन्यापासून हॉटेल जेवणाच्या गुणावर चालतं. रेनफॉरेस्ट कॅफे १९९४ मध्ये मिनेसोटाच्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये सुरू झालं, थोड्या वर्षांत बरंच पसरलं आणि २००० साली लँड्रीज ह्या हॉटेलसाखळीने ते घेतलं. कृत्रिम जंगल, गडगडाट, हलणारे प्राणी. पण एकदा पाहिलेल्या गोरिलासाठी दुसऱ्यांदा जेवायला कोण येतं?

हॉटेलात खरी अडचण खुर्चीपासून सुरू होते. मालकाला प्रत्येक टेबलाला सिंहासन हवं असतं. मी त्याला एक सिंहासन आधी आणून दाखवते आणि वेटरला ते सरकवायला सांगते. कोरीव पाठीची खुर्ची दोन हातांनी उचलावी लागते, तिच्या नक्षीत रस्सा अडकतो, आणि एका खुर्चीमागे अर्धा फूट जागा जास्त जाते. म्हणजे तेवढ्याच हॉलमधली दोन-तीन टेबलं गेली. रोज रात्री फिनाइलच्या पाण्याने फरशी पुसली जाते आणि एमडीएफचे पाय खालून फुगायला लागतात. म्हणून आता एकच सिंहासन, दाराजवळ, फोटोसाठी. त्यावर जेवायचं नाही. टेबलांना अठरा इंचांच्या साध्या मजबूत खुर्च्या, पायांना तळाशी रबर, आणि सगळी अद्भुतता माणसाच्या हाताच्या वर: छतावर, भिंतीच्या वरच्या भागात, दिव्यांत. जिथे हात पोचतो तिथे खरं लाकूड, जिथे फक्त डोळा पोचतो तिथे फायबर. ही एक ओळ पाळली तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी खाली येतो.

हात पोचतो तिथे टिकाऊ काम लागतं, हे मला हॉबिटन ह्या चित्रपटाच्या सेटच्या बाबतीतही दिसतं. न्यूझीलंडमध्ये माटामाटाजवळच्या मेंढ्यांच्या फार्मवर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी उभारलेला पहिला सेट तात्पुरता होता, आणि चित्रीकरणानंतर त्याचा बराचसा भाग काढून टाकला. उरलेल्या अवशेषांवरही २००२ पासून पर्यटक यायला लागले. पुढे ‘हॉबिट’च्या चित्रपटांसाठी तो सेट पुन्हा बांधायची वेळ आली, तेव्हा मालकांनी तो टिकाऊ सामानात बांधून घेतला. २०१२ मध्ये तिथली ग्रीन ड्रॅगन खानावळ लोकांसाठी उघडली. गोल दारांच्या मागे मात्र आत जाण्यासारखं काही नव्हतं. २०२३ च्या अखेरीस आतून पूर्ण सजवलेली घरं खुली केली, तीही हात लावता येईल अशी. सेटवरच्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. पण लोकांना तेच हवं असतं: दार उघडलं पाहिजे. उघडणाऱ्या दाराची बिजागरी रोज झिजते, आणि ती झीज तिकिटात धरलेली असावी लागते.

एस्केप रूमचा, म्हणजे कोडी सोडवत खोलीतून बाहेर पडायच्या खेळाचा, हिशोब मी कुणी विचारलं की कागदावरच मांडून दाखवते. ह्या खेळाची सुरुवात जपानमध्ये क्योटोला २००७ साली झाली. आपल्याकडे मुंबई-पुण्यात तो गेल्या दहा-बारा वर्षांत रुजला. समजा, एक खोली आहे. शनिवार-रविवार मिळून अकरा खेळ, बाकीच्या पाच दिवसांत दहा. सरासरी चार माणसं, माणशी ७०० रुपये. आठवड्याला ५८,८०० म्हणजे महिन्याला अडीच लाखांच्या घरात. तिकिटातला जीएसटी वजा केला की उरतात साधारण २ लाख १५ हजार. जागेचं भाडं ८० हजार, तीन मुलांचे पगार ६० हजार, एसी आणि वीज २० हजार, जाहिरात २५ हजार. हातात राहिले ३० हजार. सेटला १२ लाख लागले असतील, तर व्याज न धरताही ते फिटायला चाळीस महिने हवेत. आणि इथेच खरी ग्यानबाची मेख आहे. कोडं एकदा सुटलं की ते गिऱ्हाईक त्या खोलीपुरतं संपलं. आसपासच्या कॉलेजांतली, कंपन्यांतली हौशी मंडळी वर्ष-दीड वर्षात खेळून होतात. चाळीस महिने ती खोली भरतच नाही.

असाच कागद मी एका तरुण जोडप्यापुढे ठेवला होता. दोघं पुण्याचे, नोकरी सोडून आलेले. कागद बघून त्यांचे चेहरे पडले. मग मुलीने विचारलं, ‘ताई, खोलीच उचलून दुसऱ्या गावी नेली तर?’ ह्या प्रश्नाने माझं काम बदललं.

कारण उत्तर मला आधीपासून माहीत होतं, फक्त ते ह्या धंद्याचं उत्तर आहे हे लक्षात आलं नव्हतं. पुण्याला गणपतीच्या हलत्या देखाव्यांचं काम करणाऱ्या एका काकांकडे मी सेटच्या दिवसांत जात असे. त्यांच्या गोदामात राक्षस, ऋषी, हत्ती, गरुड दाटीवाटीने उभे असायचे. प्रत्येकाच्या पोटात मोटर, पाठीवर खडूने नंबर. एका वर्षी पुण्याच्या मंडळापुढे लागलेला देखावा पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी लांब. हात बदलायचे, मुकुट बदलायचा, पुन्हा रंग. काका म्हणायचे, ‘विकला की संपला बघ. भाड्याने गेला की घरचाच.’ परदेशात ज्याला मोठमोठी नावं देऊन व्यवसायाचं प्रारूप म्हणतात, ते आपल्याकडे पेठांमधल्या गोदामांत कधीपासून चालू आहे. एकच काल्पनिक जग गावोगाव फिरवायचं, आणि गावागणिक प्रेक्षक नवा.

त्या जोडप्याची खोली आम्ही तशी बांधली. कुठलाही तुकडा आठ बाय चारपेक्षा मोठा नाही, म्हणजे तो प्लायच्या एका शीटमध्ये बसतो, जिन्यातून जातो आणि टेम्पोत उभा राहतो. खिळा एकही नाही, सगळं बोल्टवर. वायरिंग प्लगने जोडायचं, कापून जोडायचं नाही. पाठीवर काकांसारखे नंबर. पुण्यात वर्षभर चालली, मग नाशिक, मग कोल्हापूर. कोडी तीच, जादूगार तोच. आता त्यांच्याकडे दोन खोल्या फिरत्या आहेत. एका ठिकाणी दोन्ही लावल्या की काउंटर एक आणि सहाऐवजी चार माणसांत काम भागतं.

मीही त्यानंतर विकणं कमी केलं. साचे होतेच. त्यातून भाड्याचा माल तयार केला: सिंहासनं, कमानी, परीकथेतली झाडं, आणि पंखांची उघडमीट करणारा एक ड्रॅगन. हिवाळ्यात लग्नं आणि नाताळातले मॉल, उन्हाळ्यात वाढदिवस आणि शिबिरं, पावसाळ्यात दुरुस्ती. चार-पाच वेळा बाहेर गेला की ड्रॅगनचा खर्च वसूल होतो आणि पुढचं भाडं आपलं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात गोदाम बारा महिने पोसावं लागतं, वसईच्या पावसात एमडीएफ ठेवता येत नाही, आणि परत आलेला प्रत्येक नग उतरवतानाच तपासावा लागतो, नाहीतर तुटलेली नखं कुणाची हे कधीच ठरत नाही. अनामत रक्कम घ्यायलाच हवी. चढवण्या-उतरवण्याला आपली माणसं पाठवायची. आयोजकाच्या हमालांसाठी तो ड्रॅगन म्हणजे नुसतं वजन असतं.

मोठ्या माणसांचे मोठे हिशोबही ह्याच रेषेवर येतात, असं मला दिसतं. फ्लोरिडात डिझ्नीने मार्च २०२२ मध्ये स्टार वॉर्सच्या जगातलं शंभर खोल्यांचं हॉटेल उघडलं. दोन रात्री, दोघांना सुमारे ४,८०० डॉलर, आणि सतत भोवती वावरणारे नट. गेलेल्यांपैकी बरेच भारावून परतले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ते बंद झालं. एवढा महाग अनुभव दुसऱ्यांदा घेणारा माणूस विरळा. आपल्याकडे खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली मोठ्या थाटात सुरू झालं, कर्जाखाली दबलं, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतलं. थीम पार्कवरचा जीएसटी सुरुवातीला २८ टक्के होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ वर आला, ह्यावरून त्या वर्षांतली ओढाताण कळावी. कल्पनेत खोट नसते. व्याज रोज येतं आणि लोक रविवारी येतात, ही खरी गोम. म्हणून कर्ज काढून जग उभं करायला निघालेल्यांना मी आधी एक खोली भाड्याने घेऊन बघायला सांगते.

आगीबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आमच्या कामात फोम, फायबर, रंग, थिनर, कापड आणि मुद्दाम अंधार, सगळं एकत्र असतं. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत चौदा माणसं गेली. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये लहान मुलंही जळाली. तेव्हापासून मी काही अटी लेखी घालते. आगरोधक प्लाय वापरायचा, त्याची किंमत कापायची नाही. वायर नळीतूनच जाणार. बाहेर पडायची दारं दोन, आणि गुहा असो की तळघर, ‘बाहेर’ ही हिरवी पाटी उजळलेली राहणार. एका मालकाने पाटीने मूड जातो म्हणून ती झाकायला सांगितली. मी ते काम सोडलं. एस्केप रूममध्ये खरं कुलूप लावायचं नसतं. चुंबकाचं लावायचं, वीज गेली की आपोआप सुटणारं. कोंडलं गेल्याचा भास विकायचा असतो, माणूस कोंडायचा नसतो.

आता नवं काम आलं की मी रेखाटन करायच्या आधी एका कागदावर दोन प्रश्न लिहून गिऱ्हाइकापुढे सरकवते: हे रोज कोण पुसणार, आणि तीन वर्षांनी हे कुठे जाणार? पहिल्याचं उत्तर नसेल तर मी डिझाइन साधं करते. दुसऱ्याचं नसेल तर वस्तू विकत न घेता भाड्याने न्यायला सांगते, आणि आगाऊ रकमेची पावती त्याच बोलीवर फाडते. ह्यात माझी काही मोठी कामं हातची गेली आहेत. पण गाळ्याचं भाडं वेळेवर जातं, मिस्त्रींचे पगार सात तारखेला होतात, आणि फोनवर विचारणाऱ्या मुलांना ‘पैसे आहेत’ असं सांगताना मला अडखळावं लागत नाही.